गजराची परीक्षा



२० जुलै २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रातील असंख्य मोबाइल एकाएकी कर्कश आवाजात वाजू लागले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण राबवत असलेल्या इशारा यंत्रणेची दूरसंचार विभागाने घेतलेली ती चाचणी होती. कोणतीही कृती करण्याची गरज नाही, असे त्या संदेशातच नमूद होते. अनेकांनी वैतागून आवाज बंद केला. काहींनी तर सेटिंगमध्ये जाऊन हे इशारेच कायमचे बंद करून टाकले.

आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा शोध अखेरपर्यंत लागला नाही. चाचणीचा या दुर्घटनेशी संबंध नव्हता. परंतु झोपेतील वस्तीला वेळेवर जाग आली नाही तर काय होते, हे त्या सकाळी आपण पाहिले.

या यंत्रणेला ‘सेल ब्रॉडकास्ट’ म्हणतात. एसएमएस एकेका क्रमांकावर जातो आणि गर्दीच्या वेळी अडकतो. येथे मात्र टॉवर आपल्या टापूतील सर्व मोबाइलना एकाच वेळी संदेश देतो. त्यासाठी कोणाचाही क्रमांक लागत नाही. त्यामुळे परगावी खरेदीला गेलेल्या व्यापाऱ्यालाही तो तेथील धोक्याचा इशारा देऊ शकतो.

मी बँकेत असताना आम्ही धोक्याची घंटा अधूनमधून वाजवून पाहत असू. ग्राहक कुरकुरत. एकदा कळ दाबली आणि घंटा वाजलीच नाही. उंदरांनी तार कुरतडली होती. त्या दिवशी दरोडा पडला नाही, हे आमचे पुण्य! घंटा वाजली नाही, म्हणूनच ती चाचणी सार्थकी लागली, असे मी मानतो.

आपण दरवर्षी दुकानाचा विमा भरतो, दिवाळीला हिशेब तपासतो. मग आज घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आपत्कालीन इशारे सुरू आहेत ना, हेही पाहावे. इशारा आलाच तर मुख्य स्विच कोणी बंद करायचा, आजी-आजोबांना कोणी सांभाळायचे, गोदामातील कामगारांना कोणी कळवायचे, हे आधीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट. आपले साधू-साध्वी मोबाइल बाळगत नाहीत. विहारात सोबत असलेल्या श्रावकाचा मोबाइल हाच त्यांच्यासाठी इशारा. तो बंद राहिला, तर चूक आपली आणि धोका त्यांना.

क्षणभरही प्रमाद करू नये, असा उपदेश भगवान महावीरांनी गौतमस्वामींना केला. पुढच्या वेळी मोबाइल असा वाजला, तर वैतागण्यापूर्वी तो संदेश पूर्ण वाचावा. अप्रमादाची सुरुवात तेवढ्यानेही होऊ शकते.