बंगला राखता, तर लाइनही राखा

आसामात चहाच्या मळ्यांमध्ये गोऱ्या साहेबांचे जुने बंगले आहेत. खांबांवर उचलून बांधलेले, म्हणून त्यांना चांग बंगला म्हणतात. आता वारसा म्हणून त्यांची डागडुजी होते, पर्यटक भाडं भरून राहतात. त्यांचा आपल्याशी काय संबंध? संबंध असा की ते मळे आदिवासींनी उभे केले. छोटा नागपूरच्या मुंडा, उरांव, संथाळ लोकांना अरकाटी म्हणजे मजूर भरणारे दलाल तिकडे घेऊन गेले.

आधी जमिनीचं बघा. 1854 च्या नियमांनी सरकारने जमीन 'पडीक' ठरवली आणि 99 वर्षांच्या पट्ट्याने मळेवाल्यांना दिली. तिथले लोक फिरती शेती करत होते, गुरं चारत होते, ते हिशेबात धरलंच नाही. मग माणसांचं. 1859 च्या कायद्याने करार मोडून काम सोडणं हा गुन्हा झाला. 1865 पासून पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय धरायची सत्ता मळेवाल्याला मिळाली, ती 1908 पर्यंत टिकली. म्हणजे साहेबच मालक आणि साहेबच पोलीस. मे 1921 मध्ये चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर बायकापोरांसह मळे सोडून निघाले. चांदपूर स्टेशनात रात्री गुरखा शिपायांनी त्यांना झोडपलं.

बंगले पाडा, असं आमचं म्हणणं नाही. राखाच. पण मजुरांच्या लाइनी, विहिरी, मसणवटाही राखा. फक्त बंगला राहिला तर इतिहासात फक्त साहेब राहतो.

आपल्याकडेही तेच. फॉरेस्ट बंगल्याची नोंद सरकारी दप्तरात असते, पाड्याची नसते. पण वनहक्काच्या नियम 13 मध्ये जुन्या विहिरी, मसणवटा, देवाच्या जागा आणि म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब हे पुरावे धरले आहेत. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. तेव्हा नुसती दंडाची पावती जोडून थांबू नका. प्रत्येक पाड्याने या जागा नकाशावर दाखवाव्यात, दावेदार नसलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून अंगठे घ्यावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. म्हातारी माणसं आहेत तोवर हे काम उरका.

जमीन आमच्या हक्काची!