भिंत कुठे संपते?



जुलै २०२१ च्या पुरात मोहन्याच्या वरच्या अंगाला, रायत्याच्या पुलाचा जोडरस्ता उल्हास नदीने खाल्ला. कल्याण-मुरबाड महामार्ग बंद पडला. महामार्ग बंद पडला की सरकारला नदी दिसते. एरवी नाही.

नदी काठ खाते ती वरून नाही, खालून. वळणावर बाहेरच्या अंगाला धार जोरात, ती पायथ्याची माती ओढून नेते. वर गवत हिरवंगार, खाली पोकळ. आणि दरड बहुतेकदा कोसळते ती पूर ओसरताना. चढलेलं पाणी काठाला टेकू देऊन असतं. ते झपकन उतरतं, पण काठाच्या पोटातलं पाणी तसंच राहतं. मग फुगलेली माती बसते मटकन. म्हणून वरवरची सिमेंटची भिंत म्हणजे बिलं काढायचा धंदा. पाया नदी खणते त्याच्याही खाली न्यावा लागतो. भिंतीमागचं पाणी निघायला भोकं लागतात. तारेच्या जाळीत दगड भरलेले पेटारे त्यापेक्षा बरे. पायथा खचला तर वाकतात, एकदम मोडत नाहीत.

पण आमचा सवाल वेगळा आहे. भिंत कुठवर? टेंडरात असेल तिथवर, म्हणजे रस्ता काठाला लागून आहे तिथवर. नदीला टेंडर वाचता येत नाही! अडवलेली धार भिंतीच्या टोकाशी भोवरा करते आणि खालच्या, नाहीतर समोरच्या काठाला भिडते. तिथे कोण राहतं? ज्यांना वर जागा मिळू दिली नाही ते. २००९ साली एन.आर.सी.ला टाळं लागलं, पगार गेला. आता पायाखालची मातीही जायची काय?

आणि तळातली वाळू कुणी नेली? २०१० साली हायकोर्टाने वाळूउपशावर बंदी आणली, तरी कल्याणच्या खाडीत चोरीचे सक्शन पंप चालूच राहिले. तळ खोल गेला की काठ उंच होतो, आणि उंच काठ टिकत नाही.

महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल दोन एस.टी. गाड्यांसकट गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा केला. मनात आणलं तर होतं. रस्त्यासाठी होतं.

रस्त्याशी आमचं वैर नाही. त्याच रस्त्याने आमची माणसं कामाला जातात. भिंत बांधा. पण आधी नकाशा वस्तीत आणा, भिंत संपल्यावर धार कुठे जाणार ते दोन्ही काठांवर आखून दाखवा, आणि वाळूचे पंप बंद करा. पावसाच्या आधी.