खाटेला खिळवणारी माया

“पडून राहा, उठू नका.” कॅन्सरच्या वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडी हे वाक्य दिवसातून दहादा येते. चार पावले टाकून संडासला जाऊ शकणाऱ्या माणसाला आपण बेडपॅन देतो, हात धड असताना घास भरवतो आणि याला सेवा म्हणतो. ही सेवा नव्हे. मायेच्या नावाखाली आपण आपल्याच माणसाच्या पायांतले बळ काढून घेत आहोत.

धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस झडले. मग केमोने पोखरलेल्या देहाचे काय होत असेल? जर्मनीतील फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी १९९७ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. अतितीव्र केमो घेतलेल्या रुग्णांकडून त्यांनी खाटेवरच रोज अर्धा तास सायकल मारून घेतली. त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी घटली आणि ते घरीही लवकर गेले. त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेत मेरी मॅकव्हिकर आणि मेरिल विनिंगहॅम यांनी केमो चालू असलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांना सायकलवर बसवले आणि त्यांची क्षमता वाढते हे दाखवून दिले. या दोघी परिचारिका होत्या.

यात नवल नाही. डॉक्टर राउंडपुरते येतात. सिस्टर तिन्ही पाळ्यांत खाटेशी असते. कोणाच्या प्लेटलेट्स घसरल्या, कोणाला पहाटे ताप होता, उभे राहताच कोणाला भोवळ येते, कोणाच्या हाडात आजार उतरला आहे, हे तिला ठाऊक असते. आज कोणाला व्हरांड्यापर्यंत न्यायचे आणि कोणाचे नुसते घोटे हलवायचे, हा रोजचा निवाडा डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच करू शकते.

पण तिचे ऐकतो कोण? “चला काका, दारापर्यंत जाऊन येऊ,” असे ती म्हणाली की आपण तिच्यावर धावून जातो, “डॉक्टरांनी सांगितलंय का?” सलाईन संपले की हाक मारायची बाई, एवढीच आपण तिची किंमत केली. ‘चांगल्या घरच्या मुली या धंद्यात जात नाहीत’ असे म्हणणारा समाज आपलाच. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्री आपल्या जवळच्या सरकारी वॉर्डात जा आणि एका सिस्टरवर किती खाटा आहेत ते मोजा. तिला रुग्णाचा हात धरून चालायला वेळ उरत नाही, आणि त्याचा जाब आपण कधीही, कोणत्याही निवडणुकीत विचारला नाही.

रिक्त जागा भरा. परिचारिकांना व्यायामाचे शिक्षण द्या. तापाच्या तक्त्याशेजारी रुग्ण आज किती चालला याचीही नोंद ठेवा. आणि ती उठा म्हणेल, तेव्हा आड येऊ नका.

रुग्णालयाला खाटा दान करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. खाटांवर त्यांच्या नावाच्या पाट्याही लागतात. त्या खाटेवरून माणसाला उभे करणाऱ्या हातांच्या पगाराची काळजी मात्र कोणी वाहिली नाही.