मुळशीच्या वाड्यावस्त्यांवरील ज्येष्ठांचा सामूहिक व्यायाम : एक खुले पत्र

प्रति,
आरोग्य विभाग, पुणे जिल्हा परिषद

हाताचा आधार न घेता उठणे, उंबरा ओलांडताना तोल सावरणे, ओल्या पायरीवर पाय ठरणे, या क्रिया मांड्यांच्या ताकदीवर आणि तोलावर चालतात. साठीनंतर ही ताकद झपाट्याने घटते. ती ओळखण्याची जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी सोपी आहे : हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठणे-बसणे १४ सेकंदांत जमते का, हे पाहायचे.

मुळशीत ही ताकद पूर्वी कामातूनच टिकत असे. भातलावणी, चुलीपुढची उकिडवी बैठक, डोक्यावर हंडा घेऊन चढलेला चढ, यांतून पायांना रोज काम मिळे. वयामुळे शेत सुटते, मुले-सुना पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीला कामाला जातात, आणि म्हातारे माणूस दिवसभर ओटीवर बसून राहते. ताम्हिणीच्या अंगाला पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. तिथे ‘रोज फिरायला जा’ हा सल्ला चार महिने निरुपयोगी ठरतो. शिवाय नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असा भक्कम पुरावा नाही.

पुरावा आहे तो तोल आणि ताकद यांच्या व्यायामाचा. १०८ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात, व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतील ‘लाइफ’ अभ्यासात ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ जणांपैकी काहींना चालणे, ताकद व तोल असा मिश्र व्यायाम दिला गेला, तर उरलेल्यांना फक्त आरोग्यशिक्षण. अडीच वर्षांहून अधिक काळानंतर ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणारे पहिल्या गटात ३०.१ टक्के होते, दुसऱ्यात ३५.५ टक्के.

बुद्धीच्या बाबतीत जपून बोलायला हवे. त्याच अभ्यासात स्मरण आणि विचारशक्तीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. फिनलंडच्या ‘फिंगर’ अभ्यासात (२०१५) दोन वर्षांत फरक दिसला, पण तिथे व्यायामाला आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावरील देखरेख यांची जोड होती. म्हणून ‘व्यायामाने विसरभोळेपणा जातो’ असे फलक कुठेही लागू नयेत. आशेने आलेल्या माणसाची त्याने फसवणूक होते.

एकत्र येण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला आणि ही चळवळ पुण्याच्या बागांमध्ये चांगलीच रुजली. मुळशीच्या गावांत बाग नसली तरी देवळाचा सभामंडप आहे आणि हरिपाठाची वेळ ठरलेली आहे. टाळ वाजवत, अभंग म्हणत टाकायच्या पावलीत तोल, ताल आणि पाठांतर एकाच वेळी लागतात. ज्येष्ठांसाठी इतका ओळखीचा व्यायाम बाहेरून आणावा लागत नाही. मात्र तेवढ्याने भागत नाही. खुर्चीवरून उठबस, खांबाला धरून टाचा उचलणे, एका रेषेत पावले टाकणे आणि पाण्याच्या बाटल्या उचलणे हे त्याच्या आधी व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ताकद आणि तोलाचा असा मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस हवा.

असे व्यायामवर्ग चालवण्यासाठी नवी इमारत नको. आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने सुरुवातीला रक्तदाब तपासावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा नुकतेच मोडलेले हाड असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आशाताईंना फिजिओथेरपिस्टकडून प्रशिक्षण मिळावे, आणि या कामाचा त्यांना वेगळा मोबदला मिळावा. आधीच वाकलेल्या खांद्यांवर ते फुकट टाकणे अन्यायाचे होईल. वर्गाला न आलेल्या आजीची चौकशी करायला कोणीतरी तिच्या घरी जावे, हाही कार्यक्रमाचाच भाग असावा.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षे व त्यावरील पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे. तिच्या जोडीला पाय टिकवण्याची तरतूदही व्हावी. सुरुवात पौड परिसरातील काही गावांत आणि धरणाकाठच्या काही वाड्यांत पावसाळ्याआधी करता येईल. प्रत्येकाच्या पाच उठाबशांचा वेळ पहिल्या दिवशी आणि तीन महिन्यांनी नोंदवावा, आणि ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

कळावे,
मुळशी तालुक्यातील एक रहिवासी