पहिल्या भागाची उधारी

दुसरा भाग पाहून बाहेर पडलेला माणूस पार्किंगमधून गाडी काढता काढता एक वाक्य हमखास बोलतो : ‘पहिल्याची सर नाही.’ रीमेक असेल तर ‘ओरिजिनल ते ओरिजिनल.’ आणि हाच माणूस दोन वर्षांनी तिसऱ्या भागाचं तिकीट पहिल्याच शनिवारी काढतो. हा माणूस मी आहे. बहुतेक तुम्हीही आहात. म्हणून एकदा हे भांडण नीट भांडून घेऊ.

‘आजकाल लोकांना नवीन काही सुचतच नाही’ हे या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर. मला ते मुळीच पटत नाही. आपल्याकडे जुनी गोष्ट पुन्हा सांगणं हा गुन्हा कधीच नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चारच वर्षांनी स्वतःच तो पुन्हा केला. १९३२ साली ‘प्रभात’ने पहिला मराठी बोलपट आणला, ‘अयोध्येचा राजा’. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. ही कंपनी पुढच्या वर्षी कोल्हापुरातून पुण्यात आली. लॉ कॉलेज रोडला जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे तिचा स्टुडिओ होता. म्हणजे मराठी सिनेमाचा पायाच पुन्हा सांगितलेल्या गोष्टीवर उभा आहे. कीर्तनाला बसणारा माणूसही गोष्ट माहीत असूनच बसतो.

मग घोडं अडतं कुठे?

पुणेकरांना पाठ असलेला एक रीमेक घेऊ. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. हो, तो रीमेक आहे. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ साली आला होता. मित्रांना राहायला जागा मिळत नाही, म्हणून दोघं बायका होतात, ही कल्पना तिथली. आज ‘बीवी और मकान’ किती जणांना आठवतो? आणि ‘बनवाबनवी’वरचा मीम तुमच्या फोनमध्ये आत्ता या क्षणी असेल. सचिन पिळगावकर आणि लेखक वसंत सबनीस यांनी नुसती कल्पना उचलली नाही. पुण्यातला घरमालक, त्याच्या अटी, भाड्याचा हिशोब आणि बिऱ्हाडकरूची लाचारी असं सगळं त्यांनी त्या कल्पनेत ओतलं. अशोक सराफांच्या धनंजय मानेचं खोटं बोलणं आपण हसत हसत माफ करतो, कारण खोलीची गरज खरी आहे.

ती किती खरी आहे हे मला पुण्यात आल्यावर कळलं. मी सोलापूर जिल्ह्यातला. पेठांमध्ये खोली शोधताना चार दारांवर ‘बॅचलर नको’ ऐकलं. पाचव्या ठिकाणी काकूंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग जेवणात काय चालतं ते विचारलं आणि शेवटी खोली कालच गेल्याचं सांगितलं. रात्री मित्राच्या कॉटबेसिसवर झोपून आम्ही मोबाइलवर ‘बनवाबनवी’ पाहिला. सिनेमा तीस वर्षांचा झाला होता आणि अडचण त्याच दिवसाची होती. चांगला रीमेक हेच करतो. तो जुनी गोष्ट घेतो आणि आपल्या गावातली दुखरी जागा शोधून तिथे ठेवतो.

आता उलटं उदाहरण. ते मी थंडपणे लिहू शकत नाही.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. नागराज मंजुळेंनी तो करमाळ्याच्या बाजूला चित्रित केला होता, म्हणजे आमच्याच भागात. त्यातली विहीर, उसाचे फड, पाटलाचा वाडा आम्हाला नवे नव्हते. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते. मग ते बाळ रक्तात पावलं उमटवत बाहेर जातं आणि आवाज पूर्ण बंद होतो. ‘झिंगाट’ला नाचलेलं थिएटर तेव्हा श्वास धरून बसलं होतं. माझ्या शेजारचा अनोळखी मुलगा दिवे लागल्यावरही उठला नाही.

दोन वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, हिंदीत ‘धडक’ आला. करमाळ्याचं उदयपूर झालं. मासे पकडणाऱ्या माणसाचा मुलगा परश्या हॉटेलवाल्याचा मुलगा मधुकर झाला. काही गाणी तीच, संगीतकारही तेच, अजय-अतुल. जात मात्र एखाद्-दुसऱ्या वाक्यापुरती उरली. शेवट बदलला : मुलगा आणि बाळ मरतात, मुलगी वाचते. शेवट बदलायला माझी हरकत नाही. पण ‘सैराट’मध्ये ते दोघं का मरतात? ती पाटलाची आहे आणि तो नाही, म्हणून. हे कारण काढून घेतलं की उरतो तो एक अपघात. तुम्ही घराची खांबं काढलीत, पडदे तेच ठेवलेत आणि वर विचारताय की छप्पर का कोसळलं.

‘सगळ्या भारताला कळावं म्हणून थोडं सोपं केलं,’ असं सांगितलं जातं. पण सगळ्या भारताला न कळणारी गोष्ट यात होती कोणती? जात तर सगळ्या भारताला कळते. आडनाव विचारणाऱ्या त्या काकूंनाही कळते. गंमत अशी की २०२५ साली ‘धडक २’ आला आणि तो जातीबद्दल सरळ बोलतो. पण तो ‘धडक’चा पुढचा भाग नव्हेच. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’ या २०१८ च्या तमिळ सिनेमाचा तो रीमेक आहे. म्हणजे रीमेकमध्ये हिंमत असू शकते. फक्त ती विकायला आधीच्या सिनेमाचं नाव आणि पुढे एक आकडा लागतो.

सिक्वेलचं दुखणं वेगळं आहे. किराणा दुकानात वही असते, उधारीची. पहिल्या भागाने काही देणं बाकी ठेवलं असेल, तरच दुसऱ्याने वही उघडावी. ‘दृश्यम’ पाहा. गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर सुटतो, पण प्रेत पोलीस ठाण्याखालीच पुरलेलं असतं. (अजून पाहिला नसेल तर चूक तुमची.) ही उधारी मोठी आहे. आज ना उद्या कुणीतरी ती मागायला येणार. म्हणून ‘दृश्यम २’ जबरदस्तीचा वाटत नाही.

आता आपला ‘मुंबई-पुणे-मुंबई’ घ्या. २०१० साली सतीश राजवाडेंनी दोन माणसं, एक दिवस आणि पुणं एवढ्यावर सिनेमा उभा केला. मुंबईची मुलगी पुण्याच्या स्थळाला नकार द्यायला येते आणि वाटेत एक पुणेकर भेटतो. दोघांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत, आणि कळायची गरजही पडत नाही. त्या दोघांत आपण स्वतःला बसवून घेतो. दिवस संपतो, प्रश्न सुटतो, हिशोब चुकता. मग २०१५ मध्ये त्यांना नावं मिळाली, गौतम आणि गौरी. आईवडील आले, लग्नाची खरेदी आली, जुना प्रियकर आला. २०१८ मध्ये बाळाची चाहूल लागली. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे दोन्हीकडे छान आहेत, मी हसलोही. पण पहिल्या भागात ती दोघं कुणीही असू शकत होती. पुढे ती एका ठरावीक घरातली, ठरावीक पगाराची माणसं झाली. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिळाली आणि मनात जपलेली मोकळी जागा भरून गेली.

‘झपाटलेला २’चं दुःख आणखी साधं आहे. रामदास पाध्यांचा बाहुला होता, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू होता, २०१३ साली थ्रीडीही होतं. लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. बाहुल्याला घाबरून दाखवणारा तो चेहराच नसेल, तर बाहुला कितीही जवळ येऊ दे.

प्रीक्वेलला तर शेवट आधीच फुटलेला असतो, म्हणून तो ‘कसं झालं’ हे समजावत बसतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये ‘फोर्स’ ही गूढ शक्ती होती. १९९९ च्या प्रीक्वेलने सांगितलं की ती रक्त तपासून मोजता येते. जादूगाराने खेळ संपवून पडद्यामागची दोरी दाखवावी, तसं झालं.

निर्माते म्हणतील, पैसा आमचा जातो. ओळखीच्या नावाला पहिल्या तीन दिवसांत गर्दी होते, अनोळखी नावाचा शो मंगळवारपर्यंत उतरतो. हे खरं आहे. पण ती गर्दी करणारे आपणच आहोत आणि तो शो रिकामा ठेवणारेही आपणच. आपल्याला जुना सिनेमा परत नको असतो. आपल्याला तो पहिल्यांदा पाहिला तेव्हाचं वय परत हवं असतं. तेव्हाची मित्रांची टोळी, दहावीची सुट्टी, शेजारच्या खुर्चीतली ती व्यक्ती. ते कुठलाही भाग परत देणार नाही, आणि हे माहीत असूनच आपल्याला तिकीट विकलं जातं.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. नावापुढे आकडा असेल तर आधी विचारायचं : पहिल्याने काय बाकी ठेवलं होतं? रीमेक असेल तर : यांनी काय आणलं आणि काय गाळलं? गाळलेल्या यादीत जात, गाव किंवा भाषा असेल, तर ते तिकीट माझं नाही. आणि वाचलेले पैसे पहिल्याच आठवड्यात अशा मराठी सिनेमावर घालवायचे, ज्याचं नाव मी आधी ऐकलेलं नाही. त्यातला एखादा फसेल. फसू दे. २०१६ च्या त्या शुक्रवारी आर्ची आणि परश्या ही नावं तरी आपल्यापैकी कुणी ऐकली होती?