सर्व्हरपुढे नारळ कोण फोडतो?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आमच्या मेढ्यातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही इंटरनेटवर आणायचं घाटतंय. पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या पुतण्याने लारावेल १० वापरून झकास प्रोग्रॅम केला. नाव घाला, बॅच निवडा, फोन नंबर द्या, फोटो चढवा! पण शाळेच्या साइटचं होस्टिंग जुनं, त्यावर पीएचपी ५.६. लारावेल १० ला किमान ८.१ लागते. लॅपटॉपवर धावणारा प्रोग्रॅम तिथे जागचा हलेना.

मग सूचनांचा पाऊस. कोणी म्हणे, आवृत्तीची तपासणीच बंद करा. पुतण्या हसला. "काका, सर्व्हरला जी भाषा येतच नाही, ती तपासणी बंद केल्याने कशी येईल?" दुसऱ्यांचं म्हणणं, प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने लिहा, पैसे वाचतील.

या दुसऱ्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली. त्यानंतर सापडलेली भोकं तिचे कर्ते बुजवत नाहीत. आणि तिथे आपण शेकडो लोकांचे नंबर ठेवणार? सासरी गेलेल्या आमच्या विद्यार्थिनी शाळेचं नाव बघून विश्वासाने नंबर देतील हो!

शिक्षकांना हे नवं नाही. २०१५ साली 'सरल' आलं, राज्यभरच्या शाळा एकदम माहिती भरायला बसल्या. सर्व्हरला ते पेलेना, म्हणून शिक्षकांनी रात्री जागवल्या. २०१८ च्या जानेवारीत पगाराची 'शालार्थ' बंद पडली आणि कित्येक महिने पगार ऑफलाईन काढावे लागले. उद्घाटन वेबसाइटचं होतं. सर्व्हरपुढे नारळ कोणी फोडत नाही. असो.

माझं मत असं, की एकतर वर्गणी काढून नवीन होस्टिंग घ्यावं (स्नेहसंमेलनाच्या हारतुऱ्यांना पैसे निघतात की!), नाहीतर फक्त नाव आणि बॅच अशी साधी एचटीएमएलची पानं ठेवावीत. ती कुठल्याही सर्व्हरवर चालतात, आणि त्यात चोरण्यासारखं काही नसतं.

होस्टिंग बदललंच, तर आधी एकाच बॅचची नावं हलवून बघा. जुन्या डेटाबेसमधलं मराठी कधी कधी नुसती प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडतं, आणि मग ज्ञानेश्वर कुठला नि ज्ञानदेव कुठला, हे मलासुद्धा सांगता यायचं नाही!