कारकुनाचे रजिस्टर आणि बोलके यंत्र

दि. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले आणि दुकानादुकानांत दरपत्रके नव्याने करावी लागली. वह्या-पेन्सिलींवरील १२ टक्के कर शून्यावर आला. साबण, शाम्पू, केशतेल, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर उतरले. आम्ही वर्षानुवर्षे रजिस्टरे सांभाळत आलो आहोत, म्हणून त्या तारखेचे मोल आम्हांला इतरांपेक्षा जरा जास्तच वाटते.

आज ती आठवण काढण्यास कारण आहे. गिऱ्हाईक आता भाव विचारायला दुकानाची पायरी चढेलच असे नाही, ते मोबाईलमधल्या एआय सहायकाला विचारते. कंपन्याही आपल्या मालाचा तक्ता, म्हणजे ज्याला कॅटलॉग म्हणतात तो, या सहायकांना जोडून देऊ लागल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये रेझरपे, एनपीसीआय आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीमध्ये बोलता बोलताच माल निवडून यूपीआयने पैसे देण्याची चाचणी जाहीर केली. पहिल्या व्यापाऱ्यांत बिगबास्केट होते. जानेवारी २०२६ मध्ये स्विगीनेही आपला तक्ता अशा सहायकांसाठी खुला केला. या दोघांचा माल पुण्यात रोज पोहोचतो, तेव्हा ही गोष्ट दूरची राहिलेली नाही.

आता जोडणे म्हणजे काय? हे यंत्र शिकले ते एका ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर. २२ सप्टेंबरच्या सकाळी त्याला नुसतेच विचारले असते की दोनशे पानी वही कितीला, तर त्याने जुनाच आकडा ठणकावून सांगितला असता. 'मला ठाऊक नाही' म्हणायला ते सहसा तयार नसते. (अशी माणसेही आम्ही कचेऱ्यांतून पुष्कळ पाहिली आहेत.) म्हणून त्याच्या पुढ्यात कंपनीचा तक्ता ठेवावा लागतो, आणि प्रश्न आला की त्यातली योग्य ओळ काढून, वाचून उत्तर दे, असे बजावावे लागते.

तक्ता ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे त्याची नक्कल काढून देणे. हे स्वस्त पडते, पण नक्कल ऑगस्टची असेल तर उत्तरही ऑगस्टचे. दुसरी रीत म्हणजे चालू रजिस्टरालाच दार ठेवणे. सहायकाने दर वेळी त्या दारातून विचारायचे, हा नग आहे का, शिल्लक किती, आजचा भाव काय. हे दार कसे असावे याची 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. पुढच्या वर्षी ओपनएआय आणि गूगल यांनीही ती घेतली. तीन पिनांच्या प्लगचे माप एकदा ठरले की कोणाचीही इस्त्री कोणाच्याही घरात चालते, तसाच हा प्रकार. आमच्या मते भाव आणि शिल्लक यांना दुसरीच रीत हवी. वर्णन वगैरे नकलेवर भागते.

पण खरी अडचण प्लगची नाही, तक्त्याची आहे. तपकीर गल्लीत जाऊन पाहा. गिऱ्हाईक म्हणते 'दीडची वायर द्या'. बिलावर असते 'एफआर १.५ चौ. मिमी, ९० मीटर'. गिऱ्हाईक म्हणते 'बटण', तक्त्यात असते '६ अँपिअर वन-वे स्विच'. काउंटरवरचा मुलगा हे क्षणात जुळवतो. यंत्राला ते कोणी तरी लिहून ठेवले तरच नीट जुळवता येते, नाही तर बटण म्हटल्यावर ते शर्टाकडेही जाईल. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांचेही तेच. शासनाच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे' या मालेतील खंड १८ तीन भागांत आहे. यादीत नुसता 'खंड १८' लिहिला आणि भागाचा रकाना ठेवलाच नाही, तर नांदेडहून मागवणाऱ्या विद्यार्थ्याला हवा तो भाग मिळेल याची शाश्वती कोण देणार?

हे रकाने भरणारे हात कोणाचे? आपल्या वस्त्यांतून बीकॉम होऊन पेठांत डेटा एंट्री करणारी मुले-मुली कमी नाहीत. 'माल आहे का, भाव काय' एवढेच फोनवर सांगण्याच्या नोकरीला या यंत्रांमुळे धोका आहे, हे आम्ही लपवणार नाही. पण मालाचे गावठी नाव, कंपनीचे नाव, माप, एचएसएन क्रमांक, एमआरपी हे सारे एका ओळीत चोख बसवणाऱ्याचे काम वाढणार आहे, आणि त्याचा पगार आज डेटा एंट्रीचाच दिला जातो. दुकानाला अस्सल तक्ता करून देणाऱ्या मुलीने आपल्या कामाला 'कॅटलॉगचे काम' म्हणावे आणि त्याप्रमाणे मोबदला मागावा. मालक नाके मुरडतील, मुरडू द्या.

चूक झाली तर कोणाची, याचा एक निकाल लागलेला आहे. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका उतारूला सवलतीच्या भाड्याची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा काहीसा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. मात्र ऑनलाईन विकल्या जाणाऱ्या आवेष्टित मालाची एमआरपी, वजन-माप, उत्पादकाचे नाव दाखवण्याचे बंधन आपल्याकडे १ जानेवारी २०१८ पासून आहेच. तेव्हा सहायकाने एक भाव सांगितला आणि बिल दुसरेच आले, तर घरातल्या मुलाकडून त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट काढून घ्या, बिल जपा आणि आधी दुकानाला, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवा.

आणि जे स्वतः छोटा धंदा करतात त्यांनी यंत्राला दार उघडताना एवढे पाहावे, की हिशेबाच्या संगणकात विक्रीच्या भावाशेजारीच खरेदीचा भाव असतो आणि त्याच्या पलीकडे उधारीचे खाते. सहायकाला फक्त वाचण्याची मुभा द्यावी, तीही नाव, माप, विक्रीचा भाव आणि शिल्लक या रकान्यांपुरती. कोणाकडे किती येणे आहे, ते आपल्याच वहीत राहू द्यावे.